तो भांग मी पाडला होता

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

एका घरात राहून तुला पत्र लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण मी पहाटे साडेपाचला दिंडोशीहून निघते तेव्हा तू गाढ झोपेत असतोस, आणि तू अंधेरीहून घरी येतोस तेव्हा माझा डोळा लागलेला असतो. हे व्हॉट्सअॅपवर टाकण्यासारखं नाही. म्हणून सीनच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय, मेकअपरूममध्ये बसून. बाहेर लाइटिंग चाललंय, तासभर तरी आम्हाला बोलावणार नाहीत.

रविवारी तू मोबाइल माझ्यासमोर धरलास. मी पोळ्या लाटत होते, हात पिठाचे, चष्मा फ्रिजवर. "आई, सात लाख व्ह्यूज! मी कट केलंय." मी बघितल्यासारखं केलं आणि "छान" म्हटलं. तू खूश होऊन आत गेलास. त्या एका शब्दाने सोमवारपासून माझा जीव खाल्लाय.

सोमवारी सकाळी सव्वासातला आमच्या मालिकेतली ती नटी माझ्या खुर्चीत बसली. नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे. एरवी बसल्याबसल्या तिची बडबड सुरू होते, कालचा ट्रॅफिक, आईचा फोन, आज कागद आले का, किती सीन आहेत. त्या दिवशी गप्प. मी केस सोडले, विंचरले, भांग पाडायला फणीचं टोक डोक्याला लावलं, तर तिने मान आखडून घेतली. दोन वर्षांत असं कधी केलं नव्हतं तिने. मग फोन वर धरला आणि आरशातून मला दाखवला.

ठाण्यातल्या त्या दुकानाचं उद्घाटन. कॅमेरा वरच्या पायरीवर. ती खाली वाकून एका लहान मुलीच्या वहीवर सही करतेय. तिथे थांबवलंय, मोठं केलंय, भांगाच्या बाजूला लाल गोल काढलाय. वर लिहिलंय, "टक्कल लपवतेय का?" आणि कोपऱ्यात तुमच्या पेजचा लोगो.

तो भांग मी पाडला होता, ओंकार. शनिवारी पॅकअप झाल्यावर तिने थांबायची विनंती केली म्हणून अर्धा तास जास्त थांबून मी तिला त्या कार्यक्रमासाठी तयार केलं. भांग नेहमीपेक्षा दोन बोटं डावीकडे घेतला, मागचे केस पुढे आणले, आतून बारीकसं गंगावण जोडलं, पिना आतल्या बाजूला वळवल्या. समोरून काही कळत नव्हतं, बाजूनेही नाही. वरून कुणी बघेल हे माझ्या मनातच आलं नाही.

तिने विचारलं, "ताई, इतकं दिसतं का गं?"

मी नाही म्हटलं. मग परत एकदा नाही म्हटलं. पण ज्या पेजवर हे आलंय तिथे माझा मुलगा कामाला आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही. २००१ पासून मी बायकांच्या पाठीमागे उभी राहून हे काम करतेय. बाई आरशासमोर बसली, केस सोडले, की ती आपोआप बोलायला लागते. कुणाचा नवरा हात उचलतो, कुणाचे हप्ते थकलेत, कुणाला दिवस राहिलेत आणि प्रॉडक्शनला कळू द्यायचं नाहीये. मी कधी एका खोलीतली गोष्ट दुसऱ्या खोलीत नेली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीतल्या बाईपासून मी काही लपवलं.

दुपारी हळदीचा सीन होता. तिने सासूच्या पाया पडायचं, सासू तिच्या कपाळाला हळद लावणार. पहिल्या टेकला ती वाकली, पण कशी, तर गुडघ्यात. मान ताठ. डायरेक्टरला वाटलं पाय दुखतोय. दुसऱ्या टेकला तेच. एडी, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर, ओरडला, "मॅडम, खाली वाका." कॅमेरा समोर होता, वरून घेणारा कॅमेरा तिथे नव्हताच. पण तिची मान काही खाली जाईना. शेवटी डायरेक्टरने नमस्कारच काढून टाकला. मी मॉनिटरच्या मागे जाळी आणि पिनांचा डबा घेऊन उभी होते आणि मला सारखा तुझा रविवारचा आनंदी चेहरा आठवत होता.

तुला आता वाटेल, तिला झालंय तरी काय. ते मी तुला सांगणार नाही. केस जायची कारणं पुष्कळ असतात. थायरॉइड असतो, टायफॉइड होऊन गेलेला असतो, बाळंतपण असतं, चाई पडते, औषधांनी जातात. आणि आमच्या कामानेही जातात. रोज आयर्न, रोज स्प्रे, रोज मागून ओढून बांधलेला अंबाडा, त्याने कपाळाच्या कडेचे केस हळूहळू मागे सरकतात. हे सगळं मी जवळून बघते. तिचं कारण कुठलं, ते तिने मला विश्वासाने सांगितलंय, माझ्याजवळच राहील. तूही कुणाला विचारायला जाऊ नकोस.

२०२२च्या मार्चमध्ये ऑस्करच्या स्टेजवर ख्रिस रॉकने जेडा पिंकेट स्मिथच्या बारीक कापलेल्या केसांवरून विनोद केला आणि तिच्या नवऱ्याने, विल स्मिथने, वर जाऊन त्याच्या थोबाडीत मारली, ते तुला आठवत असेल. इथे सेटवर आठवडाभर तोच विषय. मारणं बरोबर की चूक. मग अकादमीने विल स्मिथला दहा वर्षं त्यांच्या कार्यक्रमांना यायची बंदी केली, त्यावर पुन्हा वाद. जेडाने केस जाण्याबद्दल २०१८ मध्येच उघडपणे सांगितलं होतं. एवढ्या गदारोळात सेटवर तिच्या डोक्याबद्दल बोलायला कुणी तयार नव्हतं, दोन पुरुषांचीच गोष्ट होऊन बसली ती. आम्ही हेअरवाल्या बायका मात्र आपसात तिच्याबद्दल बोललो. हजारो लोकांसमोर बसलेली असताना कुणीतरी माइकवरून आपल्या केसांवर बोट ठेवतं, तेव्हा बाईच्या चेहऱ्यावर जे येतं ते आम्ही रोज आरशात बघतो.

आता तुमच्या त्या प्रश्नचिन्हाबद्दल. तुमच्या पेजवर मी काल रात्री बसून मागचे दोन महिने बघितले. सगळे प्रश्नच. "नवऱ्याशी बिनसलं?" "गुड न्यूज?" "काम मिळत नाही का?" प्रश्नचिन्ह लावलं की आपण काही म्हटलंच नाही, फक्त विचारलं. पण ज्याला विचारायचं त्याला तुम्ही विचारतच नाही. तिचा नंबर तुमच्या ऑफिसात आहे, प्रमोशनच्या वेळी तुम्ही तो लावता. हा प्रश्न तिला न विचारता सात लाख लोकांना विचारलात, आणि उत्तरंही त्यांनीच दिली. दीड हजार कमेंट्स. तिने लंच ब्रेकमध्ये सगळ्या वाचल्या, वाचू नको म्हटलं तरी. डबा तसाच परत गेला.

मी फार सोवळी आहे असं समजू नकोस. २०२० आठव. तुझा दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, १९ मार्चपासून शूटिंग बंद, मी घरी. बाबा मात्र रोज कंडक्टरची बॅग घेऊन बेस्टच्या ड्युटीवर जायचे, अत्यावश्यक सेवेच्या गाड्या चालू होत्या. १४ जूनला सुशांत सिंह राजपूत गेला, आणि त्यानंतर तीन महिने आपल्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच विषय. मी त्याच्या मैत्रिणीला, रिया चक्रवर्तीला, काय काय बोलले असेन. चेटकीण म्हटलं मी तिला, तुझ्यासमोर. बाबांनी दोनदा टीव्ही बंद केला, दोन्ही वेळा मी उठून परत लावला. बॅलार्ड इस्टेटला अमली पदार्थांचा तपास करणाऱ्या एनसीबीच्या ऑफिसबाहेर करोनाच्या दिवसांत ती माइक आणि कॅमेऱ्यांच्या रेट्यातून कशीबशी वाट काढत होती, आणि मी सोफ्यावर बसून "बरं झालं" म्हटलं. ८ सप्टेंबरला तिला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, जवळजवळ महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात राहिली, मग उच्च न्यायालयाने जामीन दिला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने सांगितलं की असल्या मीडिया ट्रायलमुळे न्यायाच्या कामात अडथळा येतो. आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने सुशांतच्या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला, घातपाताचा पुरावा मिळाला नाही म्हणून. त्या दिवशी मी बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. पाच वर्षांपूर्वी जे बोलले ते परत कसं घेणार, आणि कुणाकडून?

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. आमच्या मालिकांचा पैसा ९० दिवसांनी मिळतो. आज काम केलं की तीन महिन्यांनी चेक. त्या वर्षी जानेवारीत मी २६ दिवस काम केलं होतं, त्याचे पैसे एप्रिलमध्ये यायचे होते. आलेच नाहीत. निर्मात्याकडे फोन केला की "मॅडम, सगळंच बंद आहे." फेब्रुवारीचेही नाहीत. आपण बाबांच्या एका पगारावर तुझ्या अकरावीची फी भरली. माझ्यासारखे शेकडो स्पॉटदादा, लाइटवाले, ड्रेसवाले घरी बसले होते, कुणी भाजी विकायला लागलं, कुणी गावाला गेलं ते परत आलं नाही. त्या तीन महिन्यांत माझ्या हक्काच्या पैशांबद्दल कुठल्या चॅनेलवर मी चकार शब्द ऐकला नाही. आणि मी तो ऐकायलाही बसले नव्हते. मी त्या मुलीला शिव्या द्यायला बसले होते.

गेल्या डिसेंबरचं नाही, त्याच्या आधीच्या, २०२४च्या डिसेंबरचं बघ. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ तारखेला खून झाला. सगळा महाराष्ट्र हादरला होता. आणि महिनाअखेरीला चर्चा कुणाची, तर प्राजक्ता माळीची. एका आमदारांनी बोलता बोलता तिचं नाव घेतलं, तिथल्याच एका मंत्र्यांबरोबरचा सत्काराचा फोटो आधीपासून फिरत होताच, लोकांनी बाकीचं मनाने जोडलं. तिला पत्रकार परिषद घ्यावी लागली, महिला आयोगाकडे जावं लागलं. नंतर त्या आमदारांनी दिलगिरी व्यक्त केली, ठीक. पण सत्काराचे फोटो कसे निघतात ते तुला मी सांगायला हवं का? आम्ही विंगेत उभ्या असतो. नाव पुकारतात, ती जाते, शाल, श्रीफळ, हसायचं, दोन फ्लॅश, खाली. स्टेजवर कोण आहे हे कधीकधी पायरी चढताना कळतं. एका फोटोवरून एका बाईचं सगळं आयुष्य उसवायला घेतलं, आणि ज्या घरातला माणूस मारला गेला त्या घराची बातमी दोन-तीन दिवस खाली सरकली.

म्हणजे मोठ्या माणसांना प्रश्न विचारूच नकोस, असं माझं म्हणणं नाही. उलट विचारच. केरळमध्ये २०१७ मध्ये न्यायमूर्ती हेमा समिती नेमली होती, सिनेमात काम करणाऱ्या बायकांची परिस्थिती बघायला. अहवाल २०१९च्या डिसेंबरमध्ये सरकारकडे गेला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. त्यात जे बाहेर आलं त्याने अनेकांची झोप उडाली, आणि उडायलाच हवी होती. त्या बायका बोलल्या हे फार मोठं काम केलं त्यांनी. पण तू तो अहवाल बघ, त्यात एक साधी गोष्टही लिहिलीय. सेटवर बायकांना संडास नाही, कपडे बदलायला जागा नाही. ते वाचताना मला आमचे आउटडोअर आठवले. आम्ही आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी पितो. वसईच्या पुढे, मढला, घोडबंदरला, दिवसभर उन्हात. हिरोइनला व्हॅनिटी व्हॅन असते. हेअरवाली, ज्युनिअर आर्टिस्ट, हळदीत नाचायला आणलेल्या पंधरा मुली, यांनी जायचं कुठे? मला २०१५ मध्ये मूतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिता. तू तेव्हा पाचवीत होतास, तुला वाटलं आई दमलीय.

यावर तुमच्या पेजवर काही येईल का? सेटवर साठ-सत्तर माणसं असतात. २०१३चा कायदा सांगतो की दहा माणसं कामाला असली तरी बाईच्या तक्रारीसाठी समिती हवी. कुठल्या मालिकेत ती आहे, भिंतीवर तिच्या लोकांची नावं लावलीत का, हा प्रश्न विचार की. त्याला प्रश्नचिन्ह लाव, मोठं लाव.

आणि तुझी दादरची मावशी. लहानपणी तू तिच्याकडे राहायचास, तिच्या ब्रशांनी वहीत रंगवायचास. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, चेहरा वाचायची ती. पण आमच्या धंद्यात नियम असा होता की मेकअप करायचा पुरुषांनी, बायकांनी फक्त केस. बाईला मेकअपचं कार्डच मिळत नव्हतं. पन्नासहून जास्त वर्षं हे चाललं. ती व्हॅनिटीचं दार आतून लावून मेकअप करायची, आणि संघटनेची माणसं तपासायला आली की ब्रश माझ्या पिशवीत टाकून हातात कंगवा घ्यायची. दोनदा पकडली गेली, दंड भरला. १० नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बंद केली, काही बायका कोर्टात गेल्या म्हणून; नाहीतर ती अजून चाललीच असती. त्या रात्री मावशी आपल्याकडे पेढे घेऊन आली होती. तू विचारलंस, मावशी, कुणाचं लग्न? दुसऱ्या दिवशी पेपरात ती बातमी कुठे आहे म्हणून मी आणि ती दोघी शोधत होतो, आतल्या पानावर सापडली. त्याच आठवड्यात कुठल्यातरी नटीच्या घटस्फोटाच्या अफवेला पहिलं पान होतं.

तुझी नोकरी सोड, असं मी म्हणणार नाही. घरात दुसरा पगार आला तेव्हा मला किती हायसं वाटलं ते मला माहीत आहे. तुझा हात चांगला आहे, मी चष्मा लावून तुझे सगळे कट बघितले काल. गणपतीत तू लालबागच्या कामगारांवर जो मिनिटभराचा तुकडा केला होतास, मूर्तीच्या मागे बांबू बांधणाऱ्या माणसांचा, तो मी तीनदा बघितला. त्याला चार हजार व्ह्यूज आहेत. तुझ्या बॉसने काय म्हटलं असेल त्यावर, मला कल्पना आहे.

पण ते शनिवारचं रील काढ. तू म्हणशील, सात लाखांनी बघून झालंय, आता काढून काय होणार. पुढच्या लाखभर लोकांनी बघू नये म्हणून काढ. बॉस ऐकत नसेल तर निदान वरची ओळ आणि तो लाल गोल काढ. त्या लहान मुलीच्या वहीवर ती सही करतेय, मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघ एकदा, तो शॉट तुझ्याकडे आहेच, कट करताना तू बाजूला टाकलास. आणि तेही जमत नसेल तर मला आज रात्री उठव. मी जागी होईन, रागावणार नाही. पण मग उद्या सकाळी मी तिला सांगणार आहे की हे कुणी केलं. आज सांगितलं नाही, उद्या तिच्या केसांना हात लावण्याआधी सांगेन.

उद्या कॉल सातचा आहे. ती खुर्चीत बसली की आधी फोन उघडते, मग डोकं माझ्या हाती देते.

शॉट रेडी म्हणून बोलावतायत. डाळ फ्रिजमध्ये आहे, भात लाव.

तुझी,
आई